ग्राइंडर, ड्रिल, इस्त्री तपासणारा माणूस किती शिकलेला हवा? कामाच्या ठिकाणची पॅट टेस्टिंग (प्लग लावून वापरायच्या विजेच्या वस्तूंची तपासणी)

चाकण_मेंटेनन्स

नमस्कार मंडळी,

मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मेंटेनन्स सांभाळतो. गेल्या महिन्यात इंग्लंडच्या एका ग्राहकाचं ऑडिट झालं. प्रेस, कंप्रेसर, पॅनेल, अर्थ पिटची रीडिंग असं सगळं बघून झालं, हरकत निघाली नाही. शेवटी ऑडिटरबाई टूलरूममध्ये आल्या. मांडणीवरचा एक हँड ग्राइंडर उचलला, वायर दोन बोटांत धरून प्लग टॉपपासून मशीनपर्यंत चाचपत गेल्या आणि तीन प्रश्न विचारले. हा शेवटचा कधी तपासला? कोणी तपासला? त्या माणसाला तपासायला कोणी शिकवलं?

पहिल्या दोन प्रश्नांसाठी रजिस्टर होतं. तिसऱ्याला मी 'आयटीआय झालाय' असं सांगितलं. त्यावर त्यांनी विचारलं, आयटीआयमध्ये हे तपासायला शिकवतात का? मला ठामपणे हो म्हणता आलं नाही. ९० दिवसांत लेखी उत्तर द्यायचं आहे.

पण मला हे फक्त ऑडिटपुरतं सोडवायचं नाही. सहा वर्षांपूर्वी मी दुसरीकडे नोकरीला होतो. ऐन जुलैत एक हेल्पर घोडीवर उभा राहून पाइप कापत होता. शॉक बसला आणि तो खाली पडला. जीव वाचला, पण कमरेचं दुखणं कायमचं मागे लागलं. कटरच्या वायरीवर, मशीनपासून वीतभर अंतरावर, काळी टेप गुंडाळलेला जॉइंट होता. त्याच आठवड्याच्या रजिस्टरमध्ये त्या कटरपुढे 'ओके' लिहिलेलं होतं. लिहिणारा मुलगा खोटं बोलला नव्हता. त्याने मशीन चालू करून बघितलं, चाललं, म्हणून ओके लिहिलं. तपासणी म्हणजे काय हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. ते सांगणं माझं काम होतं.

सध्या माझ्याकडे साधारण १४० वस्तू आहेत. हँड ग्राइंडर, ड्रिल, हॉट एअर गन, सोल्डरिंग आयर्न, पेडेस्टल फॅन, एक्स्टेंशन बोर्ड, शिवाय ऑफिसमधलं सामान. दोन इलेक्ट्रिशियन आहेत, दोघेही आयटीआय, एकाकडे वायरमन लायसन्स आहे. एक ॲप्रेंटिस मुलगी आहे, हुशार आहे.

विचारायचं असं की आपल्याकडे या कामाला कायद्याने कुठलं सर्टिफिकेट लागतं का? इंग्लंडमध्ये नेमकं काय लागतं? एका एजन्सीचा माणूस येऊन गेला. एका दिवसात सगळ्या वस्तूंना हिरवे स्टिकर लावून देतो आणि अर्ध्या दिवसाचं ट्रेनिंग देऊन सगळ्यांना सर्टिफिकेट देतो म्हणाला. घ्यावं का?

टेम्सकाठी

मी स्लाऊला राहते आणि पोटापाण्यासाठी हेच काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गैरसमज दूर करते, कारण तो इथल्या लोकांचाही असतो. 'दरवर्षी पॅट टेस्टिंग करायलाच हवी' असा कायदा ब्रिटनमध्ये नाही. कायदा आहे तो इलेक्ट्रिसिटी ॲट वर्क रेग्युलेशन्स १९८९, लागू झाला १ एप्रिल १९९० पासून. त्यातला चौथा नियम म्हणतो की विजेची यंत्रणा धोका होणार नाही अशा स्थितीत राखली पाहिजे. सोळावा नियम म्हणतो की ज्या कामात धोका टाळायला तांत्रिक ज्ञान किंवा अनुभव लागतो, ते काम तसं ज्ञान किंवा अनुभव असलेल्या माणसानेच करावं, नाहीतर योग्य देखरेखीखाली करावं. किती महिन्यांनी आणि कुठलं सर्टिफिकेट हे कायदा सांगत नाही. हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह या सरकारी यंत्रणेची एचएसजी १०७ नावाची मार्गदर्शिका आहे. ऑफिससारख्या कमी धोक्याच्या जागी बऱ्याच वस्तूंना नीट डोळ्यांनी तपासणं पुरतं, आणि ते थोडं शिकवलेला कुठलाही समंजस कर्मचारी करू शकतो, असं ती स्पष्ट सांगते. बांधकामाच्या साइटवरचा ग्राइंडर आणि ऑफिसमधला प्रिंटर यांना एकच तारीख लावू नका, हा त्यातला मुख्य मुद्दा.

कामाची पद्धत आयईटी या इंजिनिअरांच्या संस्थेच्या कोड ऑफ प्रॅक्टिसमध्ये दिलेली आहे. त्याची पाचवी आवृत्ती २०२० ची. किती दिवसांनी तपासायचं याचा जुना तयार तक्ता तिच्यात काढून टाकला. लोक तो तक्ता डोळे झाकून वापरायचे. आता वस्तू काय, वापरणारा कोण, जागा कशी, हे बघून अंतर तुम्ही ठरवायचं आणि का ठरवलं ते लिहून ठेवायचं.

सर्टिफिकेटचं म्हणाल तर सिटी अँड गिल्ड्स या परीक्षा घेणाऱ्या संस्थेचं २३७७ हे इथे सगळ्यांना माहीत असलेलं. सध्याचा क्रमांक २३७७-७७, लेव्हल ३. एक-दोन दिवसांचा वर्ग, लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा. कायद्याने सक्तीचं नाही, पण विमा कंपन्या आणि मोठे ग्राहक विचारतात. ते मिळालं म्हणून कोणी इलेक्ट्रिशियन होत नाही. भिंतीतलं वायरिंग तपासायचं शिक्षण वेगळं.

माझं स्वतःचं सांगते. मी सोलापूरहून इलेक्ट्रिकल डिप्लोमा करून आले होते. मीटर वापरता येतो, मग दोन दिवसांत काय शिकणार, असं मला वाटायचं. पहिल्या नोकरीत माझ्या सुपरवायझरने दोन आठवडे मला मीटरला हात लावू दिला नाही. फक्त बघायचं आणि चाचपायचं. टेबललॅम्पच्या प्लगमध्ये ३ ऐवजी १३ अँपिअरचा फ्यूज. फ्यूजभोवती गुंडाळलेला चांदीचा कागद. प्लगच्या तोंडाशी बाहेरचं आवरण सरकून आतल्या तपकिरी-निळ्या वायरी उघड्या. खुर्चीच्या चाकाखाली चेपलेली वायर. पिनेजवळ काळपट डाग. दोन आठवड्यांत मी मीटर न लावता जेवढं काढलं, तेवढं नंतरच्या कित्येक महिन्यांत मीटरने दाखवलं नाही. तुमच्या ऑडिटरबाई वायर चाचपत गेल्या ना, ती सवय तिथूनच लागते.

एजन्सीचं माझं मत: एका दिवसात १४० वस्तू, वर ट्रेनिंग, वर सर्टिफिकेट, यातलं काहीच नीट होणार नाही. प्लग उघडून बघायचं तर एका वस्तूला किती वेळ लागतो ते एकदा घड्याळ लावून बघा.

निवृत्त_शिल्पनिदेशक

मी आयटीआयमध्ये वीजतंत्री आणि तारतंत्री या दोन्ही व्यवसायांना शिकवलं. निदेशकाचं स्वतःचं प्रशिक्षण चुनाभट्टीला घेतलं, तेव्हा त्या संस्थेला एटीआय म्हणत, आता एनएसटीआय म्हणतात. आपल्या प्रश्नाने बरं वाटलं, कारण हा प्रश्न फारसं कोणी विचारत नाही.

आधी कायदा. आपल्याकडे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा विनियम आहेत, आधी २०१० चे आणि आता २०२३ चे. विद्युत संचमांडणीचं काम परवानाधारक ठेकेदारानेच करायचं, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली, आणि हात लावणाऱ्याकडे परवाना हवा, ही चौकट. आपण ज्याला वायरमन लायसन्स आणि सुपरवायझर लायसन्स म्हणतो ते हेच. दिवे, पंखे, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामं २०१० च्या त्या नियमात वगळलेली होती. म्हणजे लायसन्सचा सगळा भर भिंतीतल्या, पॅनेलमधल्या विजेवर. प्लग लावून हातात धरायच्या मशीनच्या तपासणीसाठी वेगळं सर्टिफिकेट त्यात सांगितलेलं नाही. याचा अर्थ जबाबदारी नाही असा मात्र नाही. मालकाची जबाबदारी आहेच. जुन्या कारखाने अधिनियमात, १९४८ च्या, कलम ३६अ होतं. टाकी, खड्डा, पाइप, बॉयलरचं पोट अशा कोंडलेल्या जागेत २४ व्होल्टपेक्षा जास्तीचा हातदिवा किंवा उपकरण पुरेशी सुरक्षा साधनं असल्याखेरीज न्यायचं नाही. किती इलेक्ट्रिशियनना हे माहीत आहे, आपल्याच कारखान्यात विचारून बघा.

आता ऑडिटरबाईंचा प्रश्न. उत्तर अर्धं हो आहे. वीजतंत्रीच्या दोन वर्षांत मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजायचं यंत्र) लावायला शिकवतात, कंटिन्युइटी, म्हणजे वायर आतून अखंड आहे का ते, बघायला शिकवतात, इस्त्री, हीटर, मिक्सर खोलून दुरुस्त करायला शिकवतात. पण तिथे आपण दुरुस्ती शिकवतो. बंद पडलेली वस्तू दुरुस्तीला येते. तपासणीला येते ती चालणारी वस्तू, आणि जीव घेते ती चालणारीच. अर्थची वायर तुटलेला ग्राइंडर अगदी छान चालतो. दुरुस्ती करणाऱ्याचा मेंदू 'चालतंय का' याच्याभोवती फिरतो, तपासणाऱ्याचा 'आतलं काही बिघडलं तर धरणाऱ्याचं काय होईल' याच्याभोवती फिरला पाहिजे. तो वळवणं हेच प्रशिक्षण. तुमच्या त्या मुलाने ओके लिहिलं ते दुरुस्तीवाल्याच्या मेंदूने लिहिलं. आम्हीच त्याला तसं घडवलं होतं.

नाशिकचा_वायरमन

सरांचं बरोबर आहे. मी सातपूर-अंबडला बऱ्याच कंपन्यांत जातो, माझ्याकडे लायसन्स आहे. पण लायसन्सवाले पण काय चुका करतात ते सांगतो.

पहिली. ड्रिल मशीन आलं, दोनच वायरी, अर्थ नाही. रजिस्टरला 'फेल, अर्थिंग नाही'. अरे पण त्याच्या नावाच्या पट्टीवर चौकोनात चौकोन आहे ना! डबल इन्सुलेशन, क्लास २. त्याला अर्थ नसतोच, अर्थ द्यायचाही नाही. एका ठिकाणी तर चांगल्या ड्रिलला तीन वायरी घालून अर्थ गिअरबॉक्सच्या स्क्रूला बांधला होता. कंपनीने जे इन्सुलेशन करून दिलं त्याचा सत्यानाश.

दुसरी, ही फार लोकांना माहीत नाही. मेगर लावताना मशीनचा स्विच चालू पाहिजे. स्विच बंद ठेवून मेगर मारला तर फक्त वायर तपासली जाते, आतली मोटर, वाइंडिंग काहीच नाही. मीटर दोनशे मेगाओहम दाखवतो आणि सगळे खूश.

तिसरी. फेल झालेली मशीन कोपऱ्यात ठेवतात. रात्रपाळीचा माणूस उचलतो आणि चालवतो.

टेम्सकाठी

स्विचचा मुद्दा फार महत्त्वाचा. त्यात एक भर घालते. हल्लीच्या बऱ्याच मशीनमध्ये साधा स्विच नसतो, आत इलेक्ट्रॉनिक सर्किट किंवा रिले असतो. वीज आल्याशिवाय तो लागतच नाही. अशा वस्तूला मेगर कसाही लावला तरी आतपर्यंत पोहोचत नाही. तिथे वीज देऊन, चालू स्थितीत गळतीचा प्रवाह मोजावा लागतो. उलट, सर्ज प्रोटेक्शन असलेल्या एक्स्टेंशनला ५०० व्होल्ट लावलेत तर चांगली वस्तूही नापास दिसेल, तिला २५० व्होल्ट लावतात.

मेगरचे इथे धरले जाणारे आकडे: ५०० व्होल्ट डीसीला क्लास १ ला, म्हणजे अर्थ लागणाऱ्या वस्तूला, किमान १ मेगाओहम, क्लास २ ला २ मेगाओहम. ३ किलोवॅटवरच्या क्लास १ हीटरला ०.३ चालतं. क्लास २ मध्ये एक टोक दोन्ही पिना एकत्र करून त्यांना आणि दुसरं टोक हाताला लागणाऱ्या धातूला, ड्रिलमध्ये चकला.

लेथवाला

सगळं वाचलं. माझं भोसरीला छोटं वर्कशॉप आहे, आम्ही आठ जण. तुम्ही म्हणता ते मोठ्या कंपन्यांना परवडतं. मी कोणाला शिकवायला पाठवू आणि त्या दिवशी मशीनवर कोण उभं राहील? पॅट टेस्टर नावाचं यंत्र घ्यायचं म्हटलं तर त्या पैशात दोन नवीन ग्राइंडर येतात. विरोध करायचा म्हणून लिहीत नाही. माझी माणसं मला घरच्यासारखी आहेत. पण मला झेपेल असं काहीतरी सांगा.

ऋता_साइट_सेफ्टी

लेथवाले दादा, तुम्हाला यंत्र लागतच नाही. मी बांधकाम साइटवर सेफ्टी ऑफिसर आहे. माझ्याकडे रोज शंभरावर एजी फोर (हातातले छोटे ग्राइंडर), वायब्रेटर, कटर, हॅलोजन फिरत असतात. यंत्र माझ्याकडे आहे, पण अपघात यंत्राने टळले नाहीत.

तुमच्या आठ जणांनी मशीन हातात घेताना एक मिनिट बघायचं. प्लग टॉप फुटलेला आहे का, तिसरी पिन जागेवर आहे का, वायर मशीनमध्ये शिरते तिथे रबरी बूट आहे का आणि ओढली तर सरकते का, वायरीला कुठे कापलेलं किंवा टेप आहे का, बॉडी तडकलीय का, स्विच सोडला की मशीन थांबतं का. एवढं शिकवायला एक चहाची सुट्टी पुरते. तुम्ही स्वतः रोज एकाला विचारा, तुझं मशीन दाखव, काय बघितलंस ते सांग. पंधरा दिवसांत सवय लागते.

आणि पैसे खर्च करायचेच असतील तर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की लगेच तोडणारा स्विच) लावा, हातातल्या मशीन ज्या सॉकेटवर चालतात त्या सगळ्या सॉकेटना. तिचं टेस्टचं बटण दाबत राहा. बटणाने ती सुटते आहे एवढंच कळतं, तुमची अर्थिंग चांगली आहे हे कळत नाही, हे लक्षात असू द्या. साइटवर आम्ही सुटण्याचा वेळही मोजतो. ३० मिलिअँपिअरला ३०० मिलिसेकंदांच्या आत, पाचपटीला ४० च्या आत.

साइटवरची माझी सगळ्यात मोठी लढाई वेगळीच आहे. वायरीची टोकं सोलून सॉकेटमध्ये खोचायची आणि आगकाडी किंवा लाकडाची चिपळी ठोकून घट्ट करायची. हे प्रत्येक साइटवर असतं. दटावलं की काढतात, पाठ फिरली की परत लावतात. शेवटी मी स्टोअरमध्ये प्लग टॉप आणि स्क्रूड्रायव्हर फुकट ठेवले, कोणीही मागावा आणि न्यावा, नोंद नको, सही नको. चिपळ्या निम्म्याने कमी झाल्या. तोपर्यंत मी त्यांना धोका समजावत होते. त्यांच्याकडे प्लग टॉपच नव्हता.

यारा_काठी

मेलबर्नहून. इथे याला टेस्ट अँड टॅग म्हणतात, मानक एएस/एनझेडएस ३७६०. बांधकामावर दर तीन महिन्यांनी तपासणी आणि टॅगचा रंग ठरलेला: डिसेंबर ते फेब्रुवारी लाल, मग हिरवा, मग निळा, मग पिवळा. लांबूनच कळतं की या तिमाहीचा टॅग आहे की नाही.

तपासणारा लायसन्सवाला इलेक्ट्रिशियनच हवा असं नाही, 'सक्षम व्यक्ती' चालते आणि त्यासाठी छोटा कोर्स असतो. पण तपासणं वेगळं आणि दुरुस्ती वेगळी. मला नापास करायचा अधिकार होता, प्लग बदलायचा नव्हता. सुरुवातीला जाचक वाटायचं. नंतर त्याचा फायदा कळला. ज्याला दुरुस्त करायचं नसतं तो नापास करायला कचरत नाही.

निवृत्त_शिल्पनिदेशक

हे शेवटचं वाक्य चाकणकरांनी लिहून ठेवावं. एकाच माणसाकडे तपासणी आणि दुरुस्ती दिली, वर उत्पादन अडून बसलं असेल, तर त्याचा हात 'ओके'कडेच वळतो.

चाकण_मेंटेनन्स

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरत चाललंय. दोन पातळ्या करतो. वापरणाऱ्या सगळ्यांना ऋताताईंची एक मिनिटाची तपासणी. आणि माझे दोन इलेक्ट्रिशियन व ॲप्रेंटिस यांना पूर्ण तपासणी. पण शिकून झालं हे मी कसं ठरवू? आणि अर्थ बघायला आमच्याकडे मल्टिमीटर आहे, बीप वाजला की ठीक असं धरतो. चालेल का?

नाशिकचा_वायरमन

बीपवर जाऊ नका. बऱ्याच मल्टिमीटरचा बीप ३० ओहमलासुद्धा वाजतो. आता हिशेब करा. बॉडीला फेज लागला, वाटेत ३० ओहम, २३० भागिले ३०, साडेसात-आठ अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी हलणार पण नाही. बॉडी चालूच राहणार आणि बीप तर वाजला होता.

टेम्सकाठी

बरोबर. कमी ओहम मोजणारा मीटर हवा. मर्यादा ०.१ ओहम, अधिक वायरीचा स्वतःचा रोध. हे 'अधिक' लोक विसरतात. दीड चौरस मिलिमीटरच्या लवचिक तांब्याच्या वायरीला मीटरमागे साधारण १३.३ मिलिओहम धरतात. म्हणजे २५ मीटरच्या एक्स्टेंशन रीलला ०.३३ झाले, अधिक ०.१, म्हणजे ०.४३ पर्यंत पास. यंत्रात ०.१ ठरवून ठेवलं असेल तर ते चांगलं रील नापास करेल, आणि शिकलेला माणूस नसेल तर ते रील भंगारात जाईल. यंत्राचा हिरवा-लाल दिवा बघणारा आणि आकडा वाचणारा यांच्यातला फरक मला विचाराल तर एवढाच आहे.

आणखी एक. मोजत असताना वायर हलवा, विशेषतः प्लगच्या आणि मशीनच्या तोंडाशी. आतल्या बारीक तारा तुटून दोन-तीनच उरल्या तरी स्थिर वायरीत आकडा चांगला येतो, कारण तुटलेला भाग जेमतेम सेंटिमीटरभर असतो. हलवल्यावर आकडा उड्या मारतो.

निवृत्त_शिल्पनिदेशक

शिकून झालं हे कसं ठरवायचं, त्याची माझी जुनी पद्धत सांगतो. डझनभर वस्तू तयार करा. एकीच्या प्लग टॉपमध्ये अर्थची वायर कापून आत दुमडून ठेवा. एका एक्स्टेंशनमध्ये फेज-न्यूट्रल उलटे करा. एकीत कॉर्ड ग्रिपचा स्क्रू सैल करा. एकीत स्लीव्हखाली जॉइंट लपवा. एका ग्राइंडरमध्ये कार्बन ब्रशची काळी भुकटी तशीच राहू द्या, पावसाळ्यात दमट हवेत त्याचं मेगर रीडिंग कसं घसरतं ते दिसेल, आणि साफ करून वाळवल्यावर कसं वर येतं तेही. आणि तीन-चार वस्तू पूर्ण चांगल्या ठेवा. त्यात एक डबल इन्सुलेशनचं ड्रिल हवंच. दोष सुटला तर नापास, पण चांगली वस्तू विनाकारण बाद केली तरीही उत्तर चूक. मग समोर बसवून विचारा, का? 'मीटरने सांगितलं' हे उत्तर मी कधीच मान्य केलं नाही.

या परीक्षेचा कागद, तारीख, कोणाला काय सापडलं, काय सुटलं, हे सगळं जपून ठेवा. ऑडिटरबाईंच्या तिसऱ्या प्रश्नाचं ते उत्तर आहे. अर्ध्या दिवसाच्या छापील सर्टिफिकेटपेक्षा त्याला जास्त वजन आहे, असं माझं मत. शिवाय आपल्या कारखान्याचा जोडलेला भार २५० किलोवॅटच्या वर असेल तर विद्युत सुरक्षा अधिकारी नेमलेला असायला हवा, पदवी किंवा पदविका आणि अनुभव असलेला. त्यांना यात घ्या, कागदावर त्यांची सही हवी.

टेम्सकाठी

सरांची परीक्षा मी इथे नवीन मुलांना लावणार आहे. चाकणकर, ऑडिटला उत्तर देताना 'आम्ही ब्रिटिश नियम पाळतो' असं लिहू नका. तुम्ही तिथल्या कायद्याखाली येत नाही आणि ते त्यांनाही माहीत आहे. काय तपासतो, कोण तपासतो, त्याला काय येतं हे कसं पारखलं, अंतर किती आणि ते का, एवढंच साधेपणाने लिहा. 'का' हा रकाना रिकामा ठेवू नका.

लेथवाला

ऋताताई, सोमवारपासून सुरू केलं. पहिल्याच दिवशी आमच्या सगळ्यात जुन्या कारागिराने स्वतःचा ग्राइंडर आणून दिला, म्हणाला याची वायर मी गेल्या वर्षी जोडलीय, बदलून द्या. वर्षभर तो ते मशीन रोज हातात धरत होता आणि मी रोज समोरून जात होतो. आरसीसीबी सांगितली आहे.

चाकण_मेंटेनन्स

पाच आठवड्यांनी परत लिहितोय.

सरांच्या पद्धतीने बारा वस्तूंची परीक्षा घेतली. लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनने क्लास २ चं ड्रिल बाद केलं. नाशिकच्या भाऊंनी सांगितलेलं तंतोतंत. त्याला वाईट वाटलं, पण दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच सगळ्या ड्रिलच्या नावाच्या पट्ट्या पुसून वाचून यादी केली, कुठलं क्लास १ आणि कुठलं क्लास २. ॲप्रेंटिस मुलीला बारापैकी अकरा आल्या. स्लीव्हखालचा जॉइंट सुटला. आता ती प्रत्येक स्लीव्ह दाबून बघते.

तपासणी तिच्याकडे आणि एका इलेक्ट्रिशियनकडे दिली, दुरुस्ती दुसऱ्याकडे. पहिल्या दोन दिवसांत ३१ वस्तू झाल्या, सात बाजूला काढल्या. सातही मीटर लावायच्या आधीच सापडल्या.

सातवी लिहायला मला जड जातंय. माझ्या १४० च्या यादीत कँटीन नव्हतं. तिथलं सामान कंत्राटदाराचं, म्हणून मी धरलंच नव्हतं. मुलगी डबा खायला गेली आणि इडलीच्या पिठाचा वेट ग्राइंडर बघून आली. खाली कायम ओली फरशी, चालवणाऱ्या मावशी अनवाणी. तिने विचारलं, सर, हा आपल्या यादीत का नाही? प्लग टॉप उघडला तर हिरवी वायर कापून मागे दुमडलेली. सरांनी मुद्दाम करून ठेवायला सांगितली होती, अगदी तशी. मावशी म्हणाल्या, कधीकधी मुंग्या येतात, पण पीठ वाटून होतं.

निवृत्त_शिल्पनिदेशक

त्या मुलीला माझा नमस्कार सांगा.

नाशिकचा_वायरमन

त्या ग्राइंडरचं काय केलं? प्लग टॉप कापला का? टॅग लावून ठेवला असेल तर सकाळी परत लागलेला दिसेल.

चाकण_मेंटेनन्स

लगेच कापला, मावशींच्या समोरच, आणि का कापला ते त्यांना सांगितलं. कंत्राटदाराशी बोललो, त्याचं सगळं सामान आता आमच्या यादीत आहे. संध्याकाळी दुरुस्तीवाल्याने नवीन तीन कोरची वायर आणि प्लग टॉप घातला, कँटीनच्या सॉकेटला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवली. मुलीने आत्ता तपासून रीडिंग पाठवलं: अर्थ ०.०६ ओहम, वायर हलवूनही तेवढाच. मेगर स्विच चालू ठेवून, ५० मेगाओहमच्या वर. उद्या सकाळी इडली आहे.